शाम सरांचा वाचनकट्टा

शाम घुडे सरांना पुरस्कार मिळाला म्हणून शहापूरला त्यांचा सत्कार ठरला आहे, आणि त्या निमित्ताने एक गौरव अंक निघणार आहे. त्यात शाळा समितीतर्फे दोन शब्द मी लिहावेत असं ठरलं. मी समितीवर 'शिक्षणप्रेमी' म्हणून आहे. शिक्षणावर माझं प्रेम आहे की नाही हे मला कुणी विचारलं नव्हतं. समितीला एक रिकामा माणूस हवा होता आणि मी पाणीखात्यातून निवृत्त होऊन ओट्यावर बसलेला होतो. जन्मभर मी मुंबईला जाणाऱ्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह फिरवले. लिहिण्याचा संबंध आला तो हजेरीवर सही करण्यापुरता. त्यामुळे हे अंकात बसेल असं वाटत नाही. पण दोन शब्द लिहायला बसलो तर ते दोन काही सुचेनात, हे एवढं सगळं आलं.

सर मूळचे सिद्धगडाखालचे. घर आता मुरबाडला. आमचं गाव शेणव्याच्या पुढे, तिथे रोज मोटरसायकलने येतात. माणूस नीटनेटका. शर्ट खोचलेला, खिशाला दोन पेनं. समोरचा बोलत असताना मान अशी हलवणार की आपल्याला वाटावं, आपण काहीतरी मोठं बोललो. मान हलवून झाली की ते त्यांचंच बोलणं पुढे चालू करतात.

आले तेव्हा ते 'गुरुजी' होते आणि हातात निगडीचा फोक होता. पाढा चुकला की पोटरीवर. आम्हीही तसाच मार खाल्लेला, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. मग फोकावर बंदी आली, आणि गुरुजी सांगू लागले की मुलाला मारणं हे पाप आहे, हे त्यांना पहिल्यापासून वाटत आलं आहे. त्यानंतर ज्ञानरचनावाद आला. गुरुजींचे 'सर' झाले आणि वर्गाच्या फरशीवर अक्षरं, आकडे, सापशिडी असं सगळं तैलरंगात रंगवून घेतलं. मुलांनी जमिनीवर बसून आपल्या हाताने शिकायचं. कल्पना वाईट नव्हती. पण आमच्याकडे अक्षराला पाय लागला तर पोर वाकून हात लावून नमस्कार करतं, घरच्या म्हाताऱ्यांनी तसंच शिकवलेलं. तेव्हा मुलं वर्गात यायची ती भिंतीला पाठ घासत, कडेकडेने, आणि मधली सगळी फरशी मोकळी राहायची. सरांनी त्या फरशीचा फोटो काढून वर पाठवला. फोटो फार छान आला, कारण मध्ये पोरं नव्हती. मग टॅब आले, ते कपाटात गेले. अलीकडे आलं आहे ते कौशल्य.

समितीच्या बैठकीत सरांनी ते समजावून सांगितलं. "आता शिक्षकाने शिकवायचं नसतं. मूल केंद्रस्थानी. त्याचा कल ओळखायचा, त्याच्या हाताला कौशल्य द्यायचं. मी आता शिक्षक नाही. मी सुलभक आहे."

खिचडी शिजवणारी सकुबाई दारात उभी होती. तिने विचारलं, "सुलभक म्हंजे काय वो?"

"जो शिकवत नाय पन पगार घेतो, त्यो," आमचा अध्यक्ष धाऊ म्हणाला.

सगळे हसले. सर सगळ्यांत जास्त हसले. सर कधी चिडत नाहीत. चिडायला आधी ऐकावं लागतं.

एक सांगतो, नव्याला नावं ठेवण्याइतकं मला कळत नाही. माझा नातू ओमकार सातवीत होता. त्याचे पाढे तोंडपाठ, पण बाजारातून परत किती पैसे आणायचे हे त्याला दुकानदाराने सांगावं लागायचं. असं मूल हाताने करून शिकलं तर मला हवंच होतं. आणि त्याच वर्गात रत्ना होती.

रत्ना जाणू आणि जनाबाईची मुलगी. गावाच्या टोकाला ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली. ही माणसं दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. पोरंही बरोबर. त्यामुळे रत्नाची शाळा दर वर्षी अर्धीच झालेली. वाचायला ती खडाखडा वाचायची. गणित मात्र राहिलेलं, कारण भागाकार आणि अपूर्णांक यांचे धडे नेहमी दिवाळीनंतर यायचे. आमचा ओमकार अपूर्णांकात नापास व्हायचा, पण त्याची अपूर्णांकाशी निदान ओळख होती. रत्नाची कधी भेटच झाली नव्हती.

आमच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग. तालुक्यात एक निवासी शाळा आहे, तिथे आठवीपासून दहावीपर्यंत राहून शिकता येतं. तिची प्रवेश परीक्षा हिवाळ्यात असते आणि निम्मा पेपर गणिताचा. ती पास झाली तर रत्ना वसतिगृहात राहणार होती. नाही झाली तर भट्टीवर, आणि मग दोन वर्षांत लग्न, हे वाडीत कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

जनाबाईने जून महिन्यातच ठरवलं की या दिवाळीला पोरीला मागे ठेवायचं. तिची आई लहानी सापगावच्या वाडीत असते, ती येऊन नातीजवळ राहणार होती. जनाबाई शाळेत आली तेव्हा मी तिथेच होतो.

"सर, पोरीला ठेवतंय मी. भट्टीवर माझा एक हात कमी व्हतो, तरी ठेवतंय. तिला त्या परीक्षेचं गनित शिकवा."

"मावशी, रत्ना आता माझी जबाबदारी," सर म्हणाले. "तिच्यासाठी मी वेगळा आराखडा करतो. प्रत्येक मूल वेगळं असतं."

"वेगळं नको. बाकीच्या पोरांना शिकवता त्येच शिकवा."

सरांनी मान हलवली.

गणपती झाले आणि सरांचं कौशल्य सुरू झालं. दिवाळीच्या आधी शिक्षणखात्याचे साहेब ते पाहायला येणार होते. ओमकारने घरी येऊन सांगितलं. सरांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं होतं, घरी काय काय येतं. ओमकार म्हणाला, भाताची लावणी येते. वैष्णवीचे वडील ठाण्याला कचेरीत आहेत, ती म्हणाली, मला भाषण येतं. भूमिकाला मावशीमुळे मेंदी काढता येत होती. रत्ना म्हणाली, वीट पाडता येते.

"मग?" मी विचारलं.

"मग त्येच दिलं सगळ्यांना. मला टबात भात लावायचंय. वैष्णवी पावण्यांचं स्वागत करनार. रत्ना विटा पाडनार."

"तुला काय हवं होतं?"

"मला वीट पाडायची व्हती, तात्या. मला कुठं येते? पन सर बोलले, तुझा कल शेतीकडे आहे." थोडा वेळ त्याने भाकरी चावली. "रत्ना बोलली, सर, मला गनित येत नाय, मला त्ये द्या. सर बोलले, जे येत नाय त्याच्याकडं बघायचं नाय, जे येतं त्याच्याकडं बघायचं."

मला ते ऐकून हसू आलं आणि मग आलं नाही. चाळीस मुलांच्या शाळेत एकाही मुलाला एकही नवी गोष्ट शिकवायला लागू नये, अशी व्यवस्था सरांनी एका सकाळी लावून टाकली होती. ज्याच्या घरी जे होतं तेच शाळेतून परत त्याच्या हातात. आणि कुणाचंही चुकणार नव्हतं. पाहुणे येतील तेव्हा सगळं बिनचूक दिसेल. फोकाच्या दिवसांत सर निदान दमायचे.

मला बोलता येत नाही, तरी एक दिवस वाटेत सर भेटले तेव्हा विचारलं, "सर, रत्नाला ते अपूर्णांकाचं..."

"तात्या, विटेतूनच अपूर्णांक," सर म्हणाले. "अर्धी वीट, पाव वीट. अनुभवातून गणित. पुस्तकात डोकं घालून नाही."

मला हे खरंच पटलं. वीट अर्धी केली, मग पाव, मग त्यांची बेरीज; पोरीच्या हाताखालची गोष्ट, लगेच ध्यानात राहील. मी घरी सुनेलाही सांगितलं की माणूस वाटतो तितका वाईट नाही. दोन दिवसांनी मुद्दाम शाळेमागे पाहायला गेलो. रत्ना फ्रॉक खोचून, कोपरापर्यंत चिखलात, साचा भरत होती आणि वीट काढून ओळीत ठेवत होती. सर तिच्यासमोर उकिडवे बसले होते. म्हणाले, "रत्ना, वर बघ. हसून बघ." त्यांनी फोटो काढला, गुडघे झटकले आणि आत गेले. अर्धी वीट कुठेच नव्हती. सगळ्या अख्ख्या होत्या.

सबंध ऑक्टोबर रत्नाने विटा पाडल्या. गणिताच्या तासालाही, कारण ऊन त्याच वेळी चांगलं असायचं. त्या विटांचा शाळेच्या अंगणात वाचनकट्टा बांधायचं ठरलं होतं. मुलांनी त्यावर बसून पुस्तकं वाचायची.

"सर, भाजाया पायजेत ना आधी?" रत्नाने विचारलं.

"आपल्याला प्रक्रिया महत्त्वाची," सर म्हणाले.

कच्ची वीट पाण्यात विरते हे सरांना माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. ते खेड्यात वाढलेले आहेत. पण पाहुण्यांची तारीख दिवाळीच्या आधीची होती, आणि कट्टा त्या दिवसापुरता उभा राहिला म्हणजे झालं. कच्च्या विटा चिखलाने जोडून वरून पांढरा चुना मारला. चुन्यावर लाल अक्षरात 'वाचनकट्टा' लिहिलं.

पाहुणे आले, दोन गाड्या भरून. वैष्णवीने भाषण केलं. ओमकारने टबातल्या चिखलात भाताची रोपं लावली. ते दिवस कापणीचे होते, शेजारच्या शेतात भात पिवळा होऊन आडवा पडला होता आणि इथे हा हिरवी रोपं लावत होता. ती सरांनी कुठून उगवून आणली होती ते त्यांनाच ठाऊक. पाहुण्यांपैकी कुणालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. समितीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग सगळे रत्नासमोर आले. मुख्य साहेब वाकून म्हणाले, "शाब्बास बाळ. काय शिकलीस?"

"काय नाय," रत्ना म्हणाली. "मला येतच व्हती."

सर लगेच पुढे आले. "पाहा साहेब, आत्मविश्वास. पूर्वी ही मुलगी तोंड उघडत नव्हती." साहेबांनी मान हलवली. ती मान बघून मला कळलं की सर हे कुठून शिकले.

पालक म्हणून जनाबाईलाही बोलावलं होतं. सरांनी सांगितलेली जागा सोडून ती पुढे आली. "साहेब, वीट पाडाया हिला मी शिकवली. तुमी काय शिकवलं त्येवढं सांगा."

"मावशी, आपल्या कौशल्याची लाज वाटून घ्यायची नसते," सर हसत म्हणाले. "त्याचा अभिमान पाहिजे."

"लाज कशाला वाटंल? त्याच्यावरच खातो. तुमची पोर पन पाडते का?"

"माझ्या मुलीचा कल वेगळा आहे," सर म्हणाले. "ती कल्याणला असते. इंग्रजी माध्यमात."

"कुठं ठेवली हाय त्यावरून कल ठरतो व्हय?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सर त्यांना कट्ट्याकडे घेऊन गेले, नारळ फुटला, गाड्या गेल्या. कट्ट्यावर कुणाला बसू दिलं नाही, चुना ओला होता.

मंडप सोडायचं काम चाललं होतं तेव्हा जनाबाई सरांपाशी आली. रत्ना मागे उभी, हात अजून धुतले नव्हते. मी खुर्च्या मोजत होतो.

"नेतंय मी तिला," जनाबाई म्हणाली. "वीटच पाडायची तर भट्टीवर पाडंल. तिथं निदान तिच्या विटा भाजतात तरी."

सरांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा खरा झाला. आपली चूक झाली असं त्यांना वाटलं म्हणून नव्हे. 'स्थलांतरित मुलीचं शिक्षण थांबू दिलं नाही' असं ते साहेबांना नुकतंच सांगून बसले होते, आणि पुरस्काराच्या प्रस्तावात पहिलाच फोटो रत्नाचा होता.

"मावशी, असं नका करू. उद्यापासून शिकवतो. रोज तासभर. अपूर्णांक, भागाकार, सगळं."

जनाबाई पोरीकडे वळली. "तू सांग गो. तुला काय पायजे?"

मूल केंद्रस्थानी असं मी सरांकडून इतक्या वेळा ऐकलं होतं, पण त्या शाळेच्या अंगणात एखाद्या मुलाला तुला काय पाहिजे असं विचारलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

रत्नाने नखातली माती काढली. मग म्हणाली, "मला परीक्षा द्यायची हाय. पन सरांकडं नाय. आजीकडं जाते, सापगावला. तिथली बाई फळ्यावर गनितं घालते."

"बघा, फळा," सर माझ्याकडे वळून म्हणाले. "किती मागे चाललोय आपण, तात्या."

दिवाळी झाली. जाणू आणि जनाबाई भट्टीवर गेली, रत्ना लहानीकडे सापगावला गेली. शाळेचा दाखला मागायला लहानी दोनदा येऊन गेली. सरांनी एकदा शिक्का सापडत नाही म्हटलं, आणि एकदा म्हटलं की मुलीच्या भावनिक जडणघडणीला शाळा बदलणं घातक असतं. समितीच्या बैठकीत धाऊने चहा मागवला, इकडचं तिकडचं झालं. मी कधी बैठकीत बोलत नाही, माझा आवाज तिथे पोचत नाही. त्या दिवशी म्हणालो, "दाखला द्या." सर म्हणाले, "काय म्हणालात तात्या?" मी परत म्हणालो. धाऊने माझ्याकडे पाहिलं आणि मग तोही म्हणाला, "द्या वो सर, शिक्का नसंल तर मी माझा अंगठा मारतो." शिक्का टेबलाच्या खणातच होता.

सापगावच्या बाई म्हणजे रविना बाई. वयाने लहान, नोकरी कंत्राटी. पाइपलाइनवरच्या जुन्या सोबत्याकडे जाताना मी एकदा त्यांच्या शाळेत डोकावलो. रत्ना फळ्यापाशी उभी होती. बाई तिला काही शिकवत नव्हत्या, फक्त विचारत होत्या, "इथपर्यंत येतं? मग इथे काय झालं?" आणि रत्ना जिथे अडली तिथून त्यांनी खडू हातात घेतला. भाकरीचे तुकडे नव्हते, विटा नव्हत्या, नुसता खडू होता. मूल कुठे अडलं आहे ते आधी बघायचं आणि तिथून सुरुवात करायची, याला काय म्हणतात मला माहीत नाही. शाम सरांना विचारलं तर ते नाव सांगतील.

इकडे वाचनकट्ट्याचं असं झालं की त्याच्या शेजारीच नळ आहे आणि खिचडी खाऊन झाली की मुलं तिथे ताटं धुतात. ते पाणी रोज कट्ट्याच्या बुडाशी जाऊ लागलं. आधी चुना सुटला. मग खालची ओळ मऊ झाली आणि कट्टा नळाच्या बाजूला झुकला. संक्रांतीच्या सुमारास एका कोपऱ्यात तो बसला तो बसलाच. सकुबाईने एक लाकडी फळी टेकवून ठेवली आणि पोरांना सांगितलं, लांब ऱ्हावा रे, अंगावर येईल. त्यावर बसून कुणी काही वाचल्याचं मला माहीत नाही.

रत्नाने परीक्षा दिली. निकाल उन्हाळ्यात लागला आणि तिचं नाव यादीत होतं, खालून चौथं. लहानीने भट्टीवर निरोप धाडला. जनाबाईने तिकडे गूळ वाटला म्हणे.

निकालानंतर आठवड्याभरात आमच्या शाळेच्या फाटकावर मोठा फ्लेक्स लागला. 'आमच्या शाळेची गुणवंत विद्यार्थिनी'. एका कोपऱ्यात रत्ना, हातात कच्ची वीट, 'वर बघ, हसून बघ' म्हणून काढलेल्या फोटोतली. बाकी सगळ्या फ्लेक्सभर शाम सर, हात जोडून, आणि खाली 'मार्गदर्शक व सुलभक'. मी धाऊला म्हटलं की पोरगी तर सापगावच्या शाळेची म्हणून परीक्षेला बसली होती. धाऊ म्हणाला, "जाऊ द्या तात्या, गावाचं नाव होतंय." प्रस्ताव पुढे सरकला आणि त्यालाच आता पुरस्कार मिळाला आहे.

भट्टीवरून परत आल्यावर जनाबाई शाळेपाशी आली. तिने वाचायला येत नसतानाही फ्लेक्स नीट पाहिला, मग बोटाने चाचपला. सर बाहेर आले. अंगणात चार माणसं होती, त्यामुळे सरांचा आवाज मोठा होता.

"मावशी, अभिनंदन. आपल्या रत्नाने नाव काढलं."

"व्हय," जनाबाई म्हणाली. "ह्ये किती दिवस ऱ्हाईल इथं?"

"आता झालंच की काम त्याचं."

"मग मला द्या. घराचं कौल फुटलंय, पानी येतं."

सरांना आधी काय करावं कळेना. मग कळलं. त्यांनी फ्लेक्स काढायला लावला, त्याची गुंडाळी केली, ती जनाबाईच्या हातात देताना आपला एक हात त्यावर ठेवला आणि ओमकारला मोबाइल देऊन फोटो काढायला सांगितलं. जनाबाईलाही वर बघायला सांगितलं. तिने बघितलं नाही, गुंडाळी काखेत मारली आणि ओढ्याकडे चालू लागली.

परवा मी वाडीत गेलो होतो. फ्लेक्स छपरावर आहे, चारी कोपऱ्यांना दगड. छापलेली बाजू तिने वर घेतली आहे. मी विचारलं तर म्हणाली, त्या बाजूनं पानी लवकर सरतं. हात जोडलेले सर आभाळाकडे बघत पडले होते, आणि खाली चुलीपाशी जमीन कोरडी होती. सर वाडीच्या उपयोगी पडल्याचं एवढं एकच मी स्वतः पाहिलं आहे, तेव्हा गौरव अंकासाठी तेवढं घ्यावं. बाकीचं गाळलं तरी चालेल.